मंत्रिमहोदय, माझा कापूस काळा आहे

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी बारा क्विंटल कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. ग्रेडरनं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, सरकी दाताखाली फोडून पाहिली आणि बोटं पँटला पुसली. पँटवर काळा पट्टा उमटला. क्विंटलमागे चारशे रुपये कापले. कापसाला ओल नव्हती, किडकी कवडी नव्हती. होती ती फक्त माझ्या धुऱ्यापासून कोसभरावरच्या स्पंज आयर्नच्या, म्हणजे कोळशानं लोहखनिजातून कच्चं लोखंड काढणाऱ्या भट्टीची धूळ. वेचणाऱ्या बायांना किलोमागे दहा रुपये मी पूर्ण दिले. त्यांचे कसे कापू?

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या सभेत तुम्ही म्हणालात, हायड्रोजन आला की ही काजळी जाईल. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईला सांगितलं. तिला दमा आहे. रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते, पहाटे थुंकते ते काळं असतं. रांजणावर दुहेरी फडकं बांधलं तरी पाण्यावर तवंग धरतो. परवा तिनं विचारलं, ‘ते काय येणार होतं रे?’ मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून मीच वाचत बसलो. केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनला, म्हणजे धूर न करता हायड्रोजन बनवायच्या योजनेला, जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी. राज्याच्या धोरणाला त्याच वर्षी जुलैत ८,५६२ कोटी. भट्टीत कोळसा करतो तेच काम हायड्रोजन करतो, लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, पण मागे पाण्याची वाफ राहते. स्वीडनमध्ये लुलेओला असं लोखंड काढून दाखवलं आहे. आमच्या इथल्या कोळशाच्या भट्ट्यांत नुसता गॅस सोडून हे होत नाही, भट्टीच वेगळी लागते. हे तुम्ही सभेत का नाही सांगितलं?

आणि वीज? पाणी विजेनं फोडून एक किलो हायड्रोजन करायला पन्नासच्या वर युनिट लागतात. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातून ती घेतली, तर किलोमागे पन्नास किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघेल. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करताना तो दहाच किलो निघतो. म्हणजे धूर आमचा आणि हरित हा शिक्का दुसऱ्याचा! आमच्याकडे ऊन काय कमी आहे? सूर्यावरच करा, आणि पहिली भट्टी जिथं धूळ पडते तिथंच बदला. किलोभर हायड्रोजनला निदान नऊ लिटर पाणी लागतं, ते वर्धा नदीतून उचलणार असाल तर आधी ग्रामसभेत येऊन सांगा.

पण तुमच्यावर विश्वास कसा ठेवू? गोसीखुर्दच्या सिंचन धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, तेव्हा मी दुसरीत होतो. अंदाज ३७२ कोटींचा होता. आज माझा मुलगा कॉलेजात आहे आणि कालव्यांची कामं अजून चालूच आहेत. कोळसा आमचा, चुनखडी आमची, गडचिरोलीचं लोखंड आमचं. ओलिताला थ्री फेज वीज मात्र आठवड्यात चार रात्री, तीही सापकिड्यांच्या वेळेला. सरकार कोणाचंही येवो, इथून फक्त उपसून न्यायचं, हेच मी जन्मभर पाहतो आहे.

माझं मागणं एवढंच: भट्टीचं धूळ पकडणारं यंत्र रात्रीही चालतं का, हे न कळवता येऊन तपासा. हायड्रोजनची पहिली भट्टी या जिल्ह्यात कुठं आणि कोणत्या साली, हे लेखी द्या. आणि माझ्या कापसाचे ४,८०० रुपये कोण भरणार ते सांगा.

सोबत त्याच गाडीतला मूठभर कापूस पाठवतो आहे. बोटांनी चोळून पाहा.

आपला,
एक कास्तकार, चंद्रपूर जिल्हा