गुरगुरणे हा इशारा आहे

कुत्रा गुरगुरला की त्याला दटावून गप्प करण्याची अनेकांची सवय मला फार खटकते. गुरगुरणे हा बहुधा ‘आणखी जवळ येऊ नका’ असा चावण्याआधीचा इशारा असतो. शिक्षेच्या धाकाने तो देणेच थांबले, तर मनातली भीती तशीच राहून कुत्रा पूर्वसूचनेविना चावण्याचा धोका वाढतो. भुंकण्या-भुंकण्यातही फरक असतो. खालच्या पट्टीतले, भराभर केलेले भुंकणे ऐकणाऱ्याला आक्रमक वाटते, उंच स्वरातले, थांबून थांबून केलेले तसे वाटत नाही, असे बुडापेस्टच्या संशोधकांना २००५ मध्ये आढळले. कुत्रा कधीच न पाळलेल्यांनाही हा फरक कळला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. खेळतानाही कुत्रे गुरगुरतात, म्हणून आवाजासोबत त्याचे अंग ताठ आहे की सैल, हेही पाहावे आणि जवळ लहान मूल असेल तर आधी त्याला बाजूला घ्यावे.

– एक श्वानप्रेमी वाचक