बाबा, इन्व्हर्टर शुक्रवारी येतोय

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे बाबांना चष्मा पुसत शेवटच्या पानापर्यंत यायला नको. नवा इन्व्हर्टर घेतलाय. पैसे भरून झालेत, शुक्रवारी सकाळी माणूस येऊन बसवून जाईल. परत करता येत नाही असं मी सांगणार आहे आणि तुम्ही ते खरं मानायचंय. किती पडले ते विचारू नका. दादालाही विचारू नका, त्याला मी आधीच दम दिलाय.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बघू" म्हणाला असता. आणि आपल्या घरात "बघू" म्हटलेल्या गोष्टींचं काय होतं ते माळ्यावर चढलं की दिसतं. शिवाय फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र.

तुम्ही मला कळवलं नाहीत. आईच्या तोंडून निसटलं, की रात्री लाइट गेली, जुन्या बॅटरीनं अर्ध्या तासात मान टाकली, आणि बाबा झोपेत श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा मास्क काढून उशांना टेकून उजाडेपर्यंत बसून राहिले. "त्यात काय एवढं, पूर्वी कुठं होतं मशीन?" हेही आईनं अगदी तुमच्याच आवाजात ऐकवलं. पूर्वी मशीन नव्हतं म्हणूनच तर त्या डॉक्टरांची पायरी चढावी लागली ना! रागावले नाहीये. मी इथे, तुम्ही तिथे, आणि तुमच्या झोपेची खबर मला अशी कडेकडेनं कळते, ते लागतं जिवाला. एवढंच.

"नुसती बॅटरी बदलू, इन्व्हर्टर अजून ठणठणीत आहे," हे तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं होतं. खरंच. पण तो जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. लाइनची वीज कशी गुळगुळीत लाटेसारखी वरखाली होते. तुमचा इन्व्हर्टर ती एकदम वर, एकदम खाली, अशी धक्के देत सोडतो. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी जाते तशी. लाइट गेली की हॉलचा पंखा घुर्र करायला लागतो, तो म्हातारा झाला म्हणून नाही, या धक्क्यांमुळे. मोटर तापते ती वेगळीच. बल्बला त्याचं काही नाही, पण सीपॅपला, म्हणजे तुमच्या त्या मास्कच्या मशीनला, असली वीज देऊ नये. त्यामुळे घ्यायचा तर प्युअर साइन वेव्हचाच, लाइनसारखी गुळगुळीत लाट देणारा, हे पहिल्या दिवशीच ठरलं. त्यावर मी कुणाचं ऐकणार नव्हते, दुकानदाराचंही नाही.

बॅटरीवर मात्र मी बराच काथ्याकूट केला. मनात आधी ट्यूब्युलरच होती, ती शिशाची, पाणी घालायची, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते), तुम्हाला आवडणारी. भक्कम असते, कुठलाही मेकॅनिक ओळखतो, घेताना स्वस्त पडते. पण बाबा, तिचं वजन पन्नास-पंचावन्न किलो. ती जिन्याखालच्या कोनाड्यात बसणार, आणि दर थोड्या दिवसांनी तुम्ही गुडघ्यांवर बसून, एका हातात टॉर्च, एका हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली, असे त्या सहा भोकांत डोकावणार. तुमच्या बनियनवरची भोकं मला माहीत आहेत. आईनं ती "उंदीर" म्हणून खपवली, पण उंदीर ॲसिड सांडत नाहीत. एकदा बनियन गेलं. डोळ्यात उडालं तर? आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर खाली वाकायचं नाही हे मी सांगितलेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

म्हणून लिथियम घेतली. पाणी नाही, ॲसिड नाही, चार्ज होताना निघणारा गॅस नाही, टर्मिनलवर ती हिरवट-पांढरी बुरशी नाही. बॅटरी इन्व्हर्टरच्या डब्यातच असते, डबा भिंतीवर टांगला की काम झालं.

तुम्ही लगेच म्हणाल, लिथियम पेट घेते, पेपरात येतं. वाचलंय मी. मोबाइलमध्ये बहुतेक असते ती जात वेगळी. ही लिथियम आयर्न फॉस्फेट, तिच्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानापर्यंत शांत राहते. आत बीएमएस नावाचं सर्किट असतं, ते जास्त चार्ज, जास्त लोड किंवा जास्त उष्णता झाली की बॅटरीचं कनेक्शन स्वतःहून तोडून टाकतं. तरीही डबा खिडकीच्या उन्हात लावायचा नाही, आणि बाहेर पडायच्या वाटेवरही नाही. पॅसेजमध्ये, जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याच्या बाजूला जागा धरलीय. आई, कॅलेंडर तू हलवशील ना?

आता "१५० सोडून १०० घेतली, कमीच की!" हे. बाबा, तुमच्यासाठी हिशेब मांडते, तपासा. जुन्या पद्धतीची बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच, म्हणजे १८०० वॅट-तास. पण हा आकडा वीस तास हळूहळू वीज काढली तरचा. भराभर काढली की त्याहून कमी मिळते. आणि ती बरीच वर्षं टिकवायची तर रोज निम्मीच वापरावी. म्हणजे राहिले ९००. नवीन १२.८ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे १२८० वॅट-तास, आणि हिच्यातली ऐंशी-नव्वद टक्के खुशाल वापरली तरी ती कुरकुरत नाही. इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो, ते वजा करून हजाराच्या आसपास धरा. वर शिशाच्या बॅटरीला पुरतं भरायला दहा-बारा तास लागतात, हिला चार-पाच. लागोपाठ दोनदा लाइट जाते ना आपल्याकडे, तेव्हा दुसऱ्या वेळेला ही तयार असेल.

मध्यंतरी तुमची लाइटची वही मी फोनवर वाचून घेतली, ती याचसाठी. किती वाजता गेली, किती वाजता आली, आणि कंसात तुमचे शेरे. तुम्हाला वाटलं पोरीला टाइमपास हवाय. बाबा, दुकानदार विचारतो "किती तास बॅकअप हवा?" आणि लोक हवेतला आकडा सांगतात. माझ्याकडे तुमचं अक्षर होतं. बहुतेक वेळा तास-दीड तास, आणि सगळ्यात लांबलेली पाच तासांच्या आत. त्यावर सगळं बेतलंय. रात्री सीपॅप ४० वॅट, पंखा ३०, राउटर १०, पॅसेजचा दिवा ९, मिळून नव्वदही होत नाहीत. म्हणजे नऊ-दहा तास झोपा बिनघोर. संध्याकाळी दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, राउटर मिळून १६६. साडेपाच तास. मालिका बुडत नाही, आई.

हा हिशेब नव्या पंख्यांचा आहे. हो, पंखेही घेतलेत. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३०. जुन्याच पंख्यांवर तीच संध्याकाळ चार तासांतच संपली असती; पंखे बदलणं हे मोठी बॅटरी घेण्यासारखंच आहे. बेडरूममधला पंखा हनिमूनहून आल्यावर घेतलेला, मला माहीत आहे. तो टाकायचा नाही, माळ्यावर ठेवा. नव्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, रिमोट येतो. रिमोट म्हटल्यावर आईचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. आई, दोनच बटणं दाबायची, बाकीच्यांवर चिकटपट्टी लाव. आणि दोरीनं खाटेला बांधून ठेव.

काय आठवलं सांगू का? लाइट गेली की बाबा जागचे न हलता हजेरी घ्यायचे. "दादा?" "हजर." "आई?" स्वयंपाकघरातून "हजर, पण काड्यापेटी सापडेना." मी दोनदा हजर म्हणायचे, एकदा माझी आणि एकदा बाहुलीची. बाबा बाहुलीचंही नाव घ्यायचे, कधी विसरले नाहीत. मला अंधाराची भीती का वाटत नाही असं कुणी विचारलं की मी काय सांगणार!

पण आता कान उघडे ठेवून ऐका. दोघंही.

बाबा, बल्ब बदलताना तुम्ही मेन स्विच बंद करता आणि स्टुलावर चढता. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केला की त्याला वाटतं लाइट गेली, आणि तो त्याच पॉइंटला वीज सोडतो. मेन बंद आणि होल्डर जिवंत! मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करायचा, पुढचं बटण दाबून, आणि टेस्टरनं बघायचं. खरं तर बल्ब बदलायचाच नाही. स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा, तो येतो, मी बोलून ठेवलंय.

यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण आहे. ते यूपीएसवरच राहू द्या. त्यावर लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा वेळ डोळ्याची पापणी लवायला लागतो त्यापेक्षाही कमी, सीपॅपला कळतसुद्धा नाही. त्या बटणाला बाबा, "काय होतं बघू" म्हणून हात लावायचा नाही.

रात्री लाइट गेली तर सीपॅपचं पाणी तापवणं बंद करायचं. सगळ्यात जास्त वीज तेच खातं, माझे ४० वॅट ते बंद धरूनच आहेत. कसं बंद करायचं ते आईला व्हिडिओ कॉलवर शिकवते. आईलाच, कारण बाबा झोपेत असतील. असायलाच हवेत.

फ्रिज, गिझर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर यातलं काहीही इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "फ्रिज जोडून देऊ का?" तर नाही म्हणायचं. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट जोर मागतो आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तिथंच बसतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, बाबा. ९०० व्हीए म्हणजे हातात सातशेच्या आसपास वॅट. आई, तुझ्या इन्शुलिनची काळजी मी केलीय. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास थंड राहतो, म्हणून लाइट गेल्यावर उगाच उघडून बघू नकोस. तुझं सुरू असलेलं पेन तसंही ३० अंशांच्या आत बाहेर राहिलं तर बहुतेक इन्शुलिनना चार आठवडे चालतं. तुझ्या पेनचं काय ते खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, तो फोटो काढून पाठव. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत, आणि बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. गोठलं की गेलं.

डब्यावर टक्क्यांचा आकडा दिसतो. लिथियम शेवटपर्यंत जोरात चालते, दिवे मंद होऊन इशारा देत नाही, मग एकदम बंद. म्हणून आकडा ३० वर आला की टीव्ही बंद. बाबांनी रिमोट मागितला तरी.

बाबा, पाणी घालायचं काम मी काढून घेतलं याचं तुम्हाला थोडं वाईट वाटेल. ती बॅटरी इतकी वर्षं चालली ती तुमच्यामुळेच, हे दुकानदारही म्हणाला. साधी बॅटरी त्याच्या निम्म्यातच जाते म्हणे. पण वही चालू ठेवा. आता त्यात आणखी दोन रकाने आखा: लाइट गेली तेव्हा किती टक्के, आली तेव्हा किती. वर्षभरानं हाच आकडा घसरायला लागला तर वॉरंटीत भांडायला मला कागद लागेल, आणि तुमच्या अक्षरासमोर कुणी टिकत नाही.

जुनी बॅटरी दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला द्यायची नाही, तो चांगला भाव देत असला तरी. ते लोक फोडून शिसं काढतात आणि ॲसिड गटारात ओततात. बसवायला येणारा माणूसच ती घेऊन जाणार आहे, पावतीत तसं लिहून घेतलंय. तुम्ही उचलायला मदत करायची नाही. नुसतं बघायचं, खुर्चीवर बसून. जुना इन्व्हर्टर ठेवायचा असेल तर ठेवा, त्यावर मी भांडत नाही.

शुक्रवारी तो काम संपवून निघण्याआधी मला व्हिडिओ कॉल लावा, मेन बंद करून बघायचंय मशीन चालू राहतं का ते. अर्थिंग तपासलं का हेही मीच विचारते. आणि गुरुवारी रात्री लाइट गेलीच, तर कितीही वाजलेले असोत, फोन करा. उद्या सकाळी सांगू, असं नाही.

तुमची,
ठमी

ता. क. आई, पॅसेजमधला तो आरसाही काढून ठेव, ड्रिलच्या हादऱ्यानं पडेल.