‘गरम केमो’च्या आधीची शस्त्रक्रिया

महोदय,

कर्करोग पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला की काही रुग्णांत औषध शिरेतून देण्याऐवजी तापवून थेट उदरपोकळीत सोडतात. या ‘गरम केमो’विषयी वृत्तपत्रांत येणारा मजकूर बहुधा यंत्राच्या छायाचित्रापाशीच थांबतो. त्याआधी चालणाऱ्या कित्येक तासांच्या शस्त्रक्रियेचा त्यात उल्लेखही नसतो.

माझ्या वहिनींना अंडाशयाचा कर्करोग झाला. परकराची नाडी पोटावर रुतू लागली तेव्हा आम्ही गॅस समजून ओवा देत राहिलो. प्रत्यक्षात पोटात पाणी साठत होते. ठाण्यातील एका रुग्णालयाने दिलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ‘हायपेक’ (म्हणजे हीच ‘गरम केमो’) अशी एकच ओळ आणि तिच्यापुढे लाखांतला आकडा होता. तो कशासाठी, हे विचारण्याइतकी माहिती आम्हाला नव्हती.

दुसरे मत घ्यायला गेलो, त्या शल्यचिकित्सकांनी केसपेपरच्या पाठीमागे पोट काढून दाखवले. पोटात फिरवलेले औषध गाठीत जेमतेम काही मिलिमीटर झिरपते, म्हणून आधी डोळ्यांना दिसणारी गाठ न् गाठ काढावी लागते आणि मग रुग्ण भुलेखाली असतानाच ४१ ते ४३ अंश सेल्सिअसला तापवलेले औषध तास-दीड तास आत खेळवतात. मोठ्या गाठी तशाच राहिल्या तर नुसत्या उष्णतेने काही साधत नाही.

कर्करोग कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. नेदरलँड्समधील २४५ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिसऱ्या टप्प्यातील अंडाशयाच्या कर्करोगात, शस्त्रक्रियेच्या जोडीला ‘गरम केमो’ दिल्यावर, निम्म्या रुग्णांनी गाठलेला आयुष्याचा काळ ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेला. उलट, मोठ्या आतड्याचा कर्करोग पोटात पसरलेल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत (२०२१) हे आकडे नुसत्या शस्त्रक्रियेने ४१.२ आणि जोडीला ‘गरम केमो’ दिल्यावर ४१.७ महिने, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. नंतरच्या गुंतागुंती मात्र वाढल्या. तिथे औषधही निराळे होते, हे खरे.

रुग्णालयांची पत्रके छापताना आपण निदान कर्करोग कोणता आणि गाठी पूर्ण निघण्याची शक्यता किती, एवढे विचारून छापावे, ही विनंती. वहिनींना ‘गरम केमो’ द्यायची की नाही, हे पोट उघडल्यावरच ठरेल, असे दुसऱ्या डॉक्टरांनी लेखी दिले. पहिल्या अंदाजपत्रकात ती रक्कम आधीच धरलेली होती.

आपली एक वाचक,
कोपरी, ठाणे पूर्व