सुट्टीच्या कागदानंतरचे महिने : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : व्यसनमुक्तीच्या रुग्णांना रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यानंतरच्या उपचारांबाबत

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा विधानभवनाकडे निवेदने घेऊन जाणाऱ्यांत मी कधी नव्हतो. माझा दिवस बाह्यरुग्ण विभागात जात असे. तीसहून अधिक वर्षे मी या शहरात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार केले. लोकांच्या लेखी मी ‘शुगरचा डॉक्टर’, फार तर ‘थायरॉइडचा’. अशा माणसाने व्यसनमुक्तीवर पत्र का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे.

हिंगण्याकडचा एक कामगार माझ्याकडे पाठवला गेला होता. चेहरा गोल, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटकुळे, रक्तदाब वाढलेला आणि जरा कुठे आपटले की अंगावर काळे-निळे डाग. रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारे ताणाचे संप्रेरक, भरपूर वाढलेले होते. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये वर्णन केलेला आजार आमच्या समोर जणू पुस्तकातून उतरला होता, आणि ज्या गाठीमुळे कॉर्टिसॉल असे वाढते, ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठ शोधण्याच्या तयारीला आम्ही लागलो. त्याच्या पत्नीने दाराशी थांबून हळूच सांगितले, ‘डॉक्टरसाहेब, हे रोज घेतात.’ वॉर्डात दारू बंद झाली आणि काही आठवड्यांत कॉर्टिसॉल आपोआप उतरले. गाठ नव्हतीच. दारूमुळे हुबेहूब तसे चित्र उभे राहू शकते, हे आम्ही शिकलेलो होतो, तरी आमच्यापैकी कोणी आधी नीट विचारले नव्हते.

सुट्टीच्या कागदावर मी ‘दारू वर्ज्य’ असे लिहून सही केली आणि एक चुकलेले निदान सुधारल्याच्या समाधानात घरी गेलो. चार महिन्यांनी तो परत आला, तेव्हा पुन्हा पीत होता. त्या चार महिन्यांत त्याला आमच्याकडून एकही तारीख दिलेली नव्हती. मधुमेहाच्या रुग्णाला मी अशी सुट्टी कधीच दिली नसती.

त्यानंतर या विषयाचे वाचन मी गांभीर्याने सुरू केले. मेंदूतील अधश्चेतकातून सीआरएच हे संप्रेरक निघते, ते पीयूषिकेला एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सोडायला लावते आणि त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. सीआरएचची रचना शास्त्रज्ञ वाइली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये उलगडली. हेच रसायन मेंदूच्या भीती आणि अस्वस्थता सांभाळणाऱ्या भागांतही काम करते, आणि नशा उतरताना तेथे ते वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. दारू सोडलेला माणूस पहिल्या काही महिन्यांत चिडतो, झोपत नाही, क्षुल्लक भांडणाने कोलमडतो, ते केवळ निश्चय कच्चा म्हणून नव्हे. त्याची ताणाची यंत्रणा अजून ताळ्यावर आलेली नसते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1964 च्या सुमारास व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वान्डर आणि मेरी जीन क्रीक यांनी हेरॉइनच्या रुग्णांवर मेथाडोन या दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या औषधाचे उपचार सुरू केले. दिवसातून अनेकदा चढणारी आणि उतरणारी नशा थांबून औषधाची पातळी स्थिर राहिली की ताणाच्या संप्रेरकांची यंत्रणाही हळूहळू पूर्वपदावर येते, हे क्रीक यांनी पुढे दाखवले. यातला ‘हळूहळू’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे दारूच्या आणि खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, रुग्णांसाठी औषधे वेगळी आहेत, पण शरीराला लागणारा वेळ टळत नाही.

आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट दुसऱ्या रूपात चांगली ठाऊक आहे. सांधेदुखीसाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेतलेल्या बाईला गोळी एकाएकी बंद करू नका, असे आम्ही बजावून सांगतो, कारण तिची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेली असते आणि तिला जागे व्हायला कधी कधी वर्षही लागते. तेथे ग्रंथी दबलेली असते, व्यसनात यंत्रणा बिघडून अतिसंवेदनशील झालेली असते, हा फरक मी विसरत नाही. तरीही पहिल्या रुग्णाला आम्ही वर्षभर सांभाळतो आणि दुसऱ्याला पंधरा दिवसांत हात जोडून निरोप देतो.

खर्ऱ्याबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण विदर्भात तो घराघरांत आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटतात, तेव्हा चुन्याने निकोटिनचे रूप असे बदलते की ते तोंडाच्या आतील त्वचेतून सहज रक्तात जाते. आणि निकोटिन स्वतःच एसीटीएच व कॉर्टिसॉल वाढवते. ‘टेन्शन आलं की खर्रा खातो’ असे सांगणाऱ्याला मी हे समजावत असे. आम्ही रात्री अकरा वाजताच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याचा लहानसा प्रयत्नही केला होता. हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताने आणि तोंडातल्या तोबऱ्याने निम्मे नमुने वाया गेले, आणि ते काम कोठे छापण्याच्या लायकीचे झाले नाही.

आता कारभाराकडे येतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजारात धरतो, म्हणजे हा रुग्ण आपल्या विभागाचा आहे. पण व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षणाकडे, दारूचा परवाना उत्पादन शुल्काकडे आणि गुटखाबंदी अन्न व औषध प्रशासनाकडे. माणसाचे शरीर एकच असते; कागद मात्र चार-पाच टेबलांवर फिरतात, आणि सुट्टीनंतरचे महिने यांपैकी एकाही टेबलावर नसतात.

माझी विनंती मोजकी आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आधीच होते, रुग्णाची वही आणि पुढची तारीख आधीच असते. व्यसन सोडलेल्या रुग्णाला त्याच रांगेत, त्याच वहीत निदान एक वर्ष तारखा द्याव्यात. वेगळी इमारत बांधू नये, कारण ‘व्यसनमुक्ती’ असा फलक असलेल्या दारातून आत जायला आमच्या गावचा माणूस लाजतो. तंबाखू सोडताना दिला जाणारा निकोटिनचा पर्यायी उपचार 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीवर मधुमेहाच्या गोळ्यांइतकाच नियमित मिळावा. तारीख चुकलेल्या रुग्णाला आशाताईंनी फोन करावा आणि त्या कामाचा मोबदला त्यांना वेळेवर मिळावा. दाखल झालेले किती, याऐवजी बाराव्या महिन्यात वहीवर आलेले किती, हा आकडा आपल्या आढावा बैठकीत विचारला जावा.

अधिवेशनाच्या काळात एखाद्या सकाळी आपण जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात, पूर्वसूचना न देता, तासभर मधुमेहाच्या रांगेजवळ बसावे. आपण बोलावल्यास मी सोबत येईन. खर्रा किंवा दारूबद्दल डॉक्टर किती जणांना विचारतात, एवढेच आपण मोजावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अंतःस्राव विकारतज्ज्ञ
नागपूर