एमआरआयआधी माहिती न दिल्याबद्दल आणि दुसऱ्यांदा पैसे मागितल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
एमआरआय सेंटर, सोलापूर

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या सेंटरमध्ये माझ्या आईच्या कमरेचा एमआरआय झाला. खरे तर तो झालाच नाही, अर्धवट राहिला.

आई सोलापूरच्या पूर्व भागातली, जन्मभर विड्या वळलेली. यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी संसार केलेली बाई नुसत्या आवाजाला भिणारी नव्हे. पण आत काय होणार, किती वेळ लागणार, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. कानात घालायला इअरप्लग नाहीत, हातात दाबायचा रबरी फुगा नाही. त्या अरुंद बोगद्यात ठोके सुरू झाले तेव्हा मशीन बिघडले असे तिला वाटले. ती उठायला गेली. त्यावर आम्हाला ऐकवले गेले, "पेशंट हलल्या, पुन्हा करायचा तर पूर्ण चार्ज."

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक असतो, आवाज मोठा येतो पण दुखत नाही, साधारण अर्धा तास हलायचे नाही, घाबरलात तर फुगा दाबा, आम्ही काचेतून पाहतोय. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात.

याहून गंभीर म्हणजे, इंग्रजी फॉर्मवर फक्त सही घेतली. पेसमेकर आहे का, मेंदूच्या ऑपरेशनमध्ये क्लिप बसवली आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, एकही प्रश्न तोंडी विचारला नाही. तपासणी चालू नसतानाही तो चुंबक चालूच असतो, शरीरातले लोखंडही खेचतो. आईच्या पायातली जोडवी दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाने दाखवून दिली, म्हणून निघाली. उद्या चिंचोळी एमआयडीसीत ग्राइंडिंग करणारा कामगार आला, तर त्याच्या डोळ्याचे काय? हे मला राहून राहून सतावते.

आईची तपासणी नीट समजावून, विनामूल्य पुन्हा करावी, नाहीतर भरलेली रक्कम परत द्यावी. तसेच फॉर्ममधले प्रश्न प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत, मराठी, तेलुगू किंवा कन्नडमध्ये, विचारले जावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. पावती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. रिपोर्टअभावी आईचे उपचार थांबले आहेत, तेव्हा तपासणीची वेळ आधी कळवावी.

आपला,
(सही)
रुग्णाचा मुलगा