स्कूटर सापडली होती, पण आम्हाला कोणी कळवलंच नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या चवथीच्या आधी, गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीचं सामान घ्यायला गेले होते तेव्हा बाजाराबाहेर लावलेली माझी स्कूटर अर्ध्या तासात चोरीला गेली. त्याच दिवशी तक्रार दिली, एफआयआर झाली, आरसीची झेरॉक्स, इन्शुरन्स, दुसरी चावी, मागितलं ते सगळं दिलं. त्यानंतर सात महिने मी डिचोलीहून पणजीला नोकरीला बसने जात होते आणि नसलेल्या स्कूटरचा हप्ता बँकेतून दर महिन्याला कापला जात होता.

माझा दीर सीमेपलीकडे कामाला आहे. तो कसल्याशा दाखल्यासाठी तिथल्या एका पोलीस ठाण्यात गेला होता, तर मागच्या अंगणात जप्तीच्या गाड्यांच्या रांगेत त्याला एक स्कूटर दिसली आणि तिच्या पुढच्या मडगार्डवर माझ्या लेकीने चिकटवलेलं पिवळं फुलपाखरू! दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. नंबरप्लेट काढलेली, सीट फाटून स्पंज बाहेर आलेला, मागच्या चाकातून वेल वर चढलेली. डिकीत माटोळीच्या सामानाची माझी यादी तशीच होती, भिजून वाळलेली. तिथल्या हवालदारांनी रुमालाने चिखल पुसला, टॉर्च मारून चॅसी नंबर वाचला, तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो, आत जाऊन कॉम्प्युटरवर टाकला आणि पाच मिनिटांत आमची गोव्यातली एफआयआर समोर आली. रजिस्टर बघितलं तर चोरीनंतर २१व्या दिवशीच ही स्कूटर बेवारस म्हणून तिथे आणलेली.

म्हणजे माहिती दोन्हीकडे होती. इकडे चोरीची नोंद, तिकडे सापडल्याची नोंद, पण चॅसी नंबर टाकून बघायचं काम कोणाचं हे ठरलेलं नव्हतं म्हणून ते सात महिने कोणीच केलं नाही. हवालदारांना मी दोष देत नाही, त्यांनी आम्हाला मनापासून मदत केली.

२६/११ नंतर, २००९ मध्ये केंद्राने सीसीटीएनएस हे पोलिसांचं कॉम्प्युटर नेटवर्क मंजूर केलं ते देशातली पोलीस ठाणी एकमेकांना जोडायलाच, २००० कोटींची योजना होती ती. त्याच्या पुढचं आयसीजेएस, म्हणजे पोलीस, कोर्ट, जेल, फॉरेन्सिक सगळे एका धाग्यात आणायचे, त्याच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ मध्ये ३३७५ कोटी मंजूर झाले. चोरीच्या आणि सापडलेल्या गाड्या जुळवून बघायला एनसीआरबीचं, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, ‘वाहन समन्वय’ वेगळं आहेच. सोय झालेली आहे, मग बेवारस गाडी ठाण्यात आली की त्याच दिवशी चॅसी आणि इंजिन नंबर टाकून शोध घ्यायचा, त्याशिवाय नोंद पूर्णच होणार नाही, एवढी सक्ती का नाही करता येत? जुळलं तर तक्रारदाराच्या मोबाइलवर मेसेज जावा. पत्रादेवी किंवा दोडामार्गची हद्द ओलांडायला चोराला किती वेळ लागतो ते आपल्याकडे लहान मूलही सांगेल, त्यामुळे गोव्यासारख्या एवढ्याशा राज्याला ही गोष्ट सगळ्यात जास्त गरजेची आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तर तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असं स्पष्ट लिहिलंय, मोबाइलवरून कळवलं तरी चालतं. मला एक ओळसुद्धा आली नाही. आणि जप्त केलेल्या गाड्या ठाण्यात जास्त काळ सडत ठेवू नका हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलेलं आहे!

आता याची दुसरी बाजू पण लिहिते, कारण हे वाचून कोणी म्हणेल की मग सगळ्यांचा सगळा डेटा सगळ्यांना उघडा करा. तसं मला मुळीच नकोय. आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू असतात, त्यांच्या पडताळणीचा फॉर्म भरायला गेले की टेबलावर इतरांच्या आधारच्या झेरॉक्स पसरलेल्या दिसतात, फोटो, पत्ता, नंबर, येणारा-जाणारा कोणीही वाचेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा नऊ न्यायाधीशांचा निकाल २०१७ चा आहे. म्हणून गाडीचा नंबर दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याला दिसलाच पाहिजे, पण माणसाची माहिती कोणी उघडली, कधी उघडली, कुठल्या केससाठी उघडली याची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती कोणीतरी वरचेवर तपासलीही पाहिजे.

गृह खात्याने निदान गोवा आणि सिंधुदुर्ग या दोन बाजूंच्या ठाण्यांत आज पडून असलेल्या बेवारस गाड्यांचे चॅसी नंबर एकदा सिस्टीमवर टाकून बघावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही गेलो त्या अंगणातच माझ्या स्कूटरच्या शेजारी जीए नंबरप्लेटच्या आणखी दोन मोटारसायकली उभ्या होत्या, धुळीने माखलेल्या. त्यांच्या मालकांना कळवलंय का असं मी विचारलं, तर बघून सांगतो म्हणाले.

आपली,
एक वाचक, डिचोली