गांधीलमाशी चावली त्या दिवशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण महिना झाला तरी डोक्यातून जात नाहीये आणि ज्यांचे आभार मानायचेत त्यातल्या निम्म्या लोकांची मला नावंसुद्धा माहीत नाहीत, म्हणून म्हटलं इथेच लिहावं.

सकाळी वाळत घातलेले कपडे काढत होते. टॉवेल झटकला आणि त्यात बसलेली गांधीलमाशी मानेला चावली. मागे एकदा हाताला चावली होती तेव्हा हात दोन दिवस सुजला होता एवढंच, त्यामुळे मी घाबरले वगैरे नाही, बर्फ लावला आणि कपड्यांच्या घड्या करायला बसले. पाचेक मिनिटात तळहात खाजायला लागले, मग तळपाय, मग डोक्याची कातडी, आणि हातावर गांधी उठल्या. ह्यांनी घरात होती ती अ‍ॅलर्जीची गोळी दिली आणि आता गोळीचा असर होईल म्हणून आम्ही दोघं चक्क वाट बघत बसलो. तिथेच आमची दहा मिनिटं गेली. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, आवाज बसला, पोटात कळा यायला लागल्या, आणि एक विचित्र गोष्ट झाली ती सांगते, मला एकदम आतून वाटलं की आता मी जाणार. ह्यांना म्हटलं पण तसं. ते म्हणाले काहीतरी बोलू नकोस. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं वाटणं हेसुद्धा ह्या आजाराचं एक लक्षण आहे आणि पेशंट असं म्हणाला तर ते आम्ही कधीच हसण्यावारी नेत नाही.

पाणी प्यायला म्हणून उठले आणि डोळ्यापुढे अंधार. शेजारच्या दादांनी गाडी काढली, मला कसं घातलं गाडीत ते आठवत नाही. हॉस्पिटलच्या दारात मात्र शुद्धीवर होते आणि मी उतरून चालायला लागले तर वॉर्डबॉय जवळजवळ ओरडलाच, ताई चालू नका, आडव्या व्हा, आणि स्ट्रेचर माझ्यापाशी घेऊन आला. तेव्हा मला त्याचा रागच आला होता. आता कळतंय की बीपी एवढं उतरलेलं असताना माणूस उभा राहिला तर हृदयाकडे रक्तच पोचत नाही आणि तेवढ्यानेसुद्धा जीव जाऊ शकतो. त्या पोराने मला चार पावलं चालू दिली नाहीत म्हणजे काय केलं ते त्याला तरी माहितीये का कोण जाणे!

कॅज्युअल्टीत गेल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत एखाद मिनिट गेलं असेल. कागद नाही, फॉर्म नाही, ह्यांना फक्त एवढंच विचारलं की काय चावलं, किती वेळ झाला, कुठलं औषध चालतं का. डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची असेल, तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, श्वास ऐकला आणि सिस्टरला म्हणाली अ‍ॅड्रेनलिन, अर्धा एमएल, मांडीत. सिस्टरने सलवारीवरूनच सुई दिली, कपडा बाजूला करायलासुद्धा थांबली नाही. एका हाताने माझा गुडघा दाबून धरला होता तो हात अजून आठवतो, गरम होता आणि माझा पाय बर्फासारखा. ताई हलू नका, मी आहे इथे, एवढंच म्हणाली. मॉनिटरवर बीपी ७०/४० होतं हे मला नंतर ह्यांनी सांगितलं. पाय वर उचलून ठेवले, ऑक्सिजन लावला, सलाईन जोरात सोडलं, आणि पाच मिनिटांनी अजून पुरेसा फरक नाही म्हणून दुसरा डोस.

मग हळूहळू घसा मोकळा झाला. ते कसं सांगू, बंद खोलीची खिडकी कुणीतरी उघडावी तसं. छाती मात्र धडधडायला लागली, हात थरथर कापत होते, मला वाटलं आता हार्टअटॅक. सिस्टर म्हणाली घाबरू नका, औषधाची थरथर आहे, काम करतंय ते.

दुपारी डॉक्टर निवांत येऊन बसली आणि ह्यांना अगदी शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. ह्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, मागच्या चाव्याच्या वेळी शरीराने त्या विषाची ओळख करून ठेवली होती आणि ह्या वेळी ते त्याच्यावर नको तेवढं तुटून पडलं, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतं, श्वासाची वाट सुजते. अ‍ॅलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते पण बीपी आणि श्वास सावरायचं काम तिचं नाही, ते अ‍ॅड्रेनलिनचंच. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही ती दहा मिनिटं घालवली नसती, म्हणून संपादक साहेब बाकी पत्र कापलं तरी चालेल पण एवढं छापाच. अंगावर गांधी आणि त्यासोबत श्वास, आवाज, चक्कर, उलट्या असं काही सुरू झालं की गोळीची वाट बघायची नाही, आडवं व्हायचं, दम लागत असेल तर टेकून बसायचं, आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची.

अ‍ॅड्रेनलिन हे औषध जोकिची ताकामिने नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास शुद्ध रूपात वेगळं काढलं असं मी घरी आल्यावर वाचलं. म्हणजे सव्वाशे वर्षं जुनं औषध. पण कपाटात ठेवलेलं औषध काय करणार, ते त्या मिनिटाला हातात घेऊन न चाचरता देणारं माणूस लागतं, आणि तसं माणूस त्या दिवशी ड्यूटीवर होतं म्हणून मी हे लिहितेय.

बरं वाटायला लागल्यावर मी घरी जाते म्हणून मागे लागले होते. सोडलं नाही. काही तासांनी हाच त्रास परत उलटून येऊ शकतो म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. रात्रीच्या सिस्टर दुसऱ्या होत्या, त्या दर थोड्या वेळाने येऊन बीपी बघायच्या आणि मोबाईलचा उजेड हाताआड धरून माझी मान, हात तपासायच्या, शेजारच्या पेशंटच्या डोळ्यावर उजेड पडू नये म्हणून. मी जागीच होते, पण डोळे मिटून पडून राहिले. पहाटे सफाईच्या मावशींनी माझ्या चपला आणून दिल्या, दारात स्ट्रेचरवर घेताना एक तिथेच राहिली होती ती त्यांनी शोधून, धुऊन, जोडी लावून कॉटखाली ठेवली.

आता अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जातेय. गांधीलमाशीच्या विषाची इंजेक्शनं घेऊन शरीराला हळूहळू सवय लावतात, तीन ते पाच वर्षं चालतं म्हणे, मी करणारे. अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे औषध भरून तयार असलेलं इंजेक्शन, पर्समध्ये असतं आणि ते कसं मारायचं हे ह्यांनी आणि शेजारच्या दादांनी दोघांनीही शिकून घेतलंय.

मागच्या आठवड्यात कॅज्युअल्टीत भेटायला गेले तर त्या दिवसाच्या सिस्टरची सुट्टी होती. त्यांनी हे वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. सिस्टर, तुम्ही सलवारीवरून सुई दिलीत ती मी. काल पहिल्यांदा परत कपडे वाळत घालायला गेले होते, हात थोडे कापले, पण सगळे घालून आले.

आपली,
एक वाचक